रस्त्यावरचा रुग्ण आणि त्याचं गाव

एस्. टी. स्टँडच्या कडेला लक्तरं पांघरून स्वतःशीच बोलत बसलेला माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. पोरं त्याला खडे मारतात, एखादा हॉटेलवाला शिळी चपाती देतो, आणि ‘वेडा आहे’ एवढं म्हणून आपण गाडीत चढतो. तो कुठला, हे कुणी विचारीत नाही. विचारलं तरी पुष्कळदा त्याची भाषा कळत नाही. कारण आजाराच्या भरात घर सोडलेला माणूस आगगाडीत बसतो, आणि बिहारचा माणूस कोकणात उतरतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं अशा माणसाची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. त्याला कोठडीत ठेवायचं नाही. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. हरवलेला माणूस म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा, हेही ठाण्याचंच काम. बेघर रुग्णाला सरकारी रुग्णालयात उपचार मोफत आहेत. तेव्हा असा माणूस दिसला, तर ठाण्यावर जाऊन सांगायला संकोच नको.

रुग्णालयात आरंभी मनापेक्षा शरीराकडेच अधिक पाहावं लागतं. आंघोळ, केस कापणं, चिघळलेल्या जखमा, क्षयाची तपासणी, आणि पोटभर जेवण. मनाच्या आजारावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. मग कधीतरी रुग्ण नाव सांगतो. जिल्हा आठवत नाही, पण जत्रेचा देव आठवतो, शाळेपुढचा पिंपळ आठवतो! तेवढ्या धाग्यावरून समाजसेविका ठाण्याला, सरपंचाला, शाळेला फोन लावीत बसते. माझ्या मते सगळ्या उपचारांत अवघड काम हेच. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेनं रस्त्यावरच्या रुग्णांना बरं करून देशभर त्यांच्या घरी पोचवलं. त्या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गुरुजी, असा फोन तुमच्याही शाळेत येईल. घर सापडलं म्हणजे सगळं झालं, असं मात्र नाही. कुठं त्याचं दिवसकार्य उरकलेलं असतं, कुठं सातबाऱ्यावरून नाव उतरलेलं असतं. भाऊ म्हणतो, “तिकडंच राहू द्या, साहेब.” केवळ घरच्यांनी नाकारलं म्हणून कुणाला रुग्णालयात अडकवून ठेवू नये, असं कायदा म्हणतो, पण त्यांच्यासाठीची निवारागृहं फार थोडी. म्हणून बरी झालेली माणसंही वर्षानुवर्षं मनोरुग्णालयातच राहिली आहेत. अशा वेळी चार शहाण्या माणसांनी त्या भावाच्या ओसरीवर जाऊन बसावं. कागदापेक्षा त्याचाच उपयोग अधिक होतो.

आणि माणूस घरी आला, की घोटाळा होतो तो गोळ्यांचा. ‘आता बरा दिसतो, कशाला हव्यात?’ म्हणून घरचे त्या बंद करतात. आधी झोप उडते, मग पुटपुटणं सुरू होतं. तेवढं दिसताच जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यावं. १४४१६ या क्रमांकावर फोनवरूनही मोफत सल्ला मिळतो.