गौरव पदाचा नव्हे, कामाचा
स्थानिक स्वराज्य संस्थांतील नवे उपक्रम आणि नेतृत्व यांची दखल कशी घ्यावी?

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग जेथे गोदावरी ओलांडतो, तेथे नदीच्या उत्तर तीरावर शहागड हे गाव वसले आहे. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्याचे हे दक्षिण टोक होय. पूल ओलांडला की बीड जिल्ह्यातील गेवराई तालुका लागतो. एका बाजूस महामार्ग, दुसऱ्या बाजूस गोदावरी आणि वरच्या अंगास पैठणचे जायकवाडी धरण, अशी या गावाची भौगोलिक स्थिती आहे. धरणातून मोठा विसर्ग सुरू झाला की नदीकाठच्या सर्वच गावांना रात्रंदिवस सावध राहावे लागते. २००६ आणि २०२५ या वर्षी गोदाकाठाने याचा अनुभव घेतला आहे.

शहागडचा कारभार ग्रामपंचायतीकडे आहे. परंतु महामार्गावरील बाजारपेठेच्या गावापुढील प्रश्न निव्वळ खेड्याचे राहत नाहीत. दुकानांचा व खानावळींचा कचरा, सांडपाण्याचा निचरा, रस्त्यालगतची अतिक्रमणे, वाहनांची गर्दी, नदीच्या पाण्याची शुद्धता हे सारे प्रश्न शहरी स्वरूपाचे असतात. त्यांना तोंड देणारी यंत्रणा मात्र एक सरपंच, काही सदस्य, एक ग्रामपंचायत अधिकारी आणि मोजके कर्मचारी एवढीच असते. अशा गावाने एखादा प्रश्न स्वतःच्या कल्पकतेने सोडविला, तर त्याची नोंद कोठे होते? त्याचे श्रेय कोणाला मिळते? आणि त्या नोंदीचा शेजारच्या गावाला काय उपयोग होतो? स्थानिक स्वराज्य संस्थांच्या गौरवाचा विचार करताना हे तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

परंपरा आणि संघटना

आपल्या देशात स्थानिक स्वराज्याचा पाया लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने घातला गेला, असे मानले जाते. लोकांना कारभाराचे शिक्षण मिळावे, हा त्या ठरावाचा एक प्रमुख हेतू होता. नगरपालिका हळूहळू वाढल्या, तशी त्यांच्या अनुभवांची देवाणघेवाण करणाऱ्या मध्यवर्ती संस्थेची गरज भासू लागली. या गरजेतून १९२६ मध्ये मुंबईत जी संस्था उभी राहिली, ती आज अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था या नावाने ओळखली जाते. नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे, परिषदा भरविणे, नियतकालिक चालविणे ही तिची कामे होत. एका नगरपालिकेला साधलेली गोष्ट दुसरीच्या कानी पडावी, हाच या कामांमागील उद्देश होता. महापौरांच्या, नगराध्यक्षांच्या आणि सरपंचांच्या परिषदाही याच उद्देशाने भरत आल्या आहेत.

परदेशांतही असेच घडले. १९१३ मध्ये बेल्जियममधील घेंट येथे स्थानिक संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. १९१४ मध्ये अमेरिकेतील शहर व्यवस्थापकांनी आपली संघटना उभारली. ही संघटना उत्तम कारभार आणि नवे उपक्रम यांसाठी दरवर्षी पुरस्कार देते. अमेरिकेतच १९४९ पासून दिला जाणारा ‘ऑल अमेरिका सिटी’ हा बहुमान वेगळ्या कारणाने लक्षणीय आहे. तो महापौराला दिला जात नाही. नागरिक, संस्था आणि प्रशासन यांनी मिळून प्रश्न सोडविणाऱ्या समाजाला तो दिला जातो.

महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पुढे १९९३ मध्ये ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी ग्रामपंचायतींना आणि नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले. अधिकार वाढले, निधी वाढला. त्याबरोबरच या अधिकारांचा वापर कोण चांगला करतो, हे पाहण्याची जबाबदारीही वाढली.

स्पर्धेतून लोकचळवळ

महाराष्ट्राने या बाबतीत देशाला दिलेले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान. २०००-०१ मध्ये, आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना ते सुरू झाले. या अभियानाची रचना नेहमीच्या योजनांहून निराळी होती. नेहमीच्या योजनेत आधी अनुदान येते आणि मग काम होते. येथे आधी गावाने काम करावयाचे, मग समितीने पाहणी करावयाची आणि गुणानुक्रमे बक्षीस द्यावयाचे, असा क्रम होता. खालच्या पातळीवर यशस्वी ठरलेले गाव पुढे जिल्हा, विभाग आणि राज्य पातळीवर जाई. बक्षिसाची रक्कम ठरावीक होती. गावोगावी झालेले श्रमदान आणि जमलेली लोकवर्गणी मात्र त्या रकमेच्या कितीतरी पट होती. हातात खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या गाडगेबाबांचे नाव या अभियानाला शोभून दिसले, ते यामुळेच.

केंद्र शासनाने २००३ मध्ये निर्मल ग्राम पुरस्कार जाहीर केला. त्यातही महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींनी मोठ्या संख्येने बाजी मारली. पुढे गावातील भांडणे गावातच सामोपचाराने मिटावीत, यासाठी २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली. २०२० मध्ये भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर आधारलेले ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले. त्यात ग्रामपंचायती आणि नागरी संस्था अशा दोहोंना स्थान देण्यात आले. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानाचा प्रारंभ झाला. सुशासन, स्वनिधी, पाणी व स्वच्छता, योजनांची सांगड, गावातील संस्थांचे सक्षमीकरण, उपजीविका आणि लोकसहभाग अशा अंगांनी त्यात पंचायतींचे मूल्यमापन अपेक्षित आहे.

या प्रवासातून एक बोधही मिळाला. पुरस्कारासाठी बांधलेली काही शौचालये पुढे वापराविना पडून राहिली, काही ठिकाणी त्यांत सरपण साठविले गेले. फलक लागला, परंतु सवय लागली नाही. गाव एका दिवसाच्या पाहणीत स्वच्छ दिसणे आणि गाव बारा महिने स्वच्छ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून स्पष्ट झाले.

छोट्या शहरांची वाटचाल

नागरी भागात केंद्र शासनाने २०१६ पासून स्वच्छ सर्वेक्षण सुरू केले. आरंभी ते ७३ मोठ्या शहरांपुरते होते. पुढे त्यात देशातील सर्व नागरी संस्थांचा समावेश झाला. या व्यापक स्पर्धेत महाराष्ट्रातील छोट्या शहरांनी केलेली कामगिरी उल्लेखनीय आहे. एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत २०२० मध्ये कराड आणि २०२१ मध्ये विटा या नगरपरिषदा देशात पहिल्या आल्या. सासवड आणि लोणावळा ही नावेही वरच्या क्रमांकांत सातत्याने दिसत राहिली. या शहरांपाशी महानगरांचा पैसा नव्हता. घरोघरी ओला व सुका कचरा वेगळा करून घेणे, ठरल्या वेळी घंटागाडी पाठविणे आणि ओल्या कचऱ्याचे खत करणे ही साधी कामे सातत्याने करणे, हेच त्यांचे बळ होते.

शहागडसारख्या गावांना अधिक जवळचे वाटावे, असे उदाहरण कराडलगतच्या मलकापूरचे आहे. पुणे-बंगळूर महामार्गावरील हे गाव पूर्वी ग्रामपंचायत होते. २००८ मध्ये तेथे नगरपंचायत स्थापन झाली. त्याच सुमारास महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने तेथे चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना आकारास आली. प्रत्येक नळाला मीटर बसविण्यात आला आणि वापर वाढेल तसा दर वाढेल, अशी पाणीपट्टी ठेवण्यात आली. चोवीस तास पाणी दिल्यास उधळपट्टी होईल, अशी भीती सर्वत्र व्यक्त केली जाते. परंतु नळाला पाणी केव्हाही येणार हे ठाऊक असले, की साठवण करण्याची आणि शिळे पाणी ओतून देण्याची गरज उरत नाही. आणि मीटर असला, की नळ उघडा टाकण्याची सवय जाते. या योजनेची दखल राष्ट्रीय पातळीवर घेतली गेली. महत्त्वाची गोष्ट ही, की येथे गौरव झाला तो इमारतीचा वा उद्घाटनाचा नव्हे, तर दररोज चालणाऱ्या एका व्यवस्थेचा.

जिल्ह्यातील धडा

जालना जिल्ह्यातही शिकण्याजोगे पुष्कळ आहे. जालना तालुक्यातील कडवंची गावात १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमांतर्गत, खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाने माथा ते पायथा असे काम झाले. समतल चर, बांधबंदिस्ती, नाल्यांवरील उपचार आणि पुढे शेततळी यांमुळे पाणी मुरले. मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्यातील हे गाव द्राक्षबागांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. २०१२-१३ च्या भीषण दुष्काळात कडवंचीकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले, तेव्हा मूळ कामाला दीड दशक उलटले होते. जालना शहराला पाणी पुरविणाऱ्या जुन्या घाणेवाडी तलावातील गाळ काढण्यासाठी नागरिकांनी एकत्र येऊन केलेले प्रयत्नही याच मालिकेत बसतात. चांगल्या कामाची खरी परीक्षा अडचणीच्या वर्षी होते, पुरस्काराच्या वर्षी नव्हे, हे या उदाहरणांवरून दिसते.

नेतृत्व म्हणजे कोण?

गौरव करताना सामान्यतः एका व्यक्तीचे छायाचित्र पुढे येते. हिवरे बाजारचे पोपटराव पवार यांना २०२० साली जाहीर झालेल्या पद्मश्रीमुळे सरपंच या पदाची प्रतिष्ठा वाढली, यात शंका नाही. परंतु सर्वच गावांना दीर्घकाळ एकच नेतृत्व लाभत नाही, आणि आपल्या व्यवस्थेची अपेक्षाही तशी नाही. सरपंचपदाचे आरक्षण फिरते असते. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. ग्रामपंचायत अधिकारी आणि मुख्याधिकारी यांच्या बदल्या होतात. म्हणजेच दर पाच वर्षांनी नवे सरपंच, नवे सदस्य आणि बहुधा नवे अधिकारी येणार, हे गृहीत धरूनच काम करावे लागते.

अशा स्थितीत श्रेष्ठ नेतृत्व कोणते? जे आपल्यामागे नोंदी, नियम, प्रशिक्षित कर्मचारी आणि जागरूक ग्रामसभा ठेवून जाते, ते. पहिल्यांदाच सरपंच झालेल्या महिलेने पाणीपट्टीची थकबाकी वसूल करून दाखविली, तर तिच्या नावाबरोबर ती वसुली करणाऱ्या लिपिकाचे, घरोघरी फिरलेल्या बचतगटाचे आणि ठराव करणाऱ्या ग्रामसभेचेही नाव नोंदले गेले पाहिजे. पुढील पंचायत मग शून्यापासून आरंभ करीत नाही.

नव्या उपक्रमाच्या कसोट्या

परीक्षण समित्यांना, संघटनांना आणि स्वतः पंचायतींनाही पुढील कसोट्या उपयोगी पडतील.

पहिली कसोटी गरजेची. उपक्रम गावाच्या खऱ्या प्रश्नातून आला आहे काय? नदीकाठच्या गावात पूरसूचनेची चोख व्यवस्था हा शोभिवंत प्रवेशद्वारापेक्षा मोठा उपक्रम होय. दुसरी कसोटी मोजमापाची. कामापूर्वीची स्थिती लिहून ठेवली आहे काय? आधीचा आकडा नसेल, तर नंतरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. तिसरी कसोटी खर्चाची. देखभालीचा खर्च घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार यांच्या उत्पन्नातून भागतो काय? चौथी कसोटी समावेशाची. गावाच्या कडेच्या वस्तीला, दलित व भटक्या कुटुंबांना, एकट्या स्त्रियांना त्याचा लाभ पोचतो काय? पाचवी आणि सर्वांत कठीण कसोटी टिकाऊपणाची. पदाधिकारी बदलल्यानंतर तीन वर्षांनी काम चालू आहे काय?

राष्ट्रीय पंचायत पुरस्कारांची अलीकडे शाश्वत विकासाच्या नऊ विषयांनुसार पुनर्रचना झाली आहे. गरिबीमुक्त, आरोग्यदायी, बालस्नेही, जलसमृद्ध, स्वच्छ व हरित, सुशासनयुक्त, महिलास्नेही अशा विषयांत पंचायतींची तुलना होते. सर्व बाबतींत पहिले येणे थोड्यांनाच साधते. एखाद्या विषयात चांगले काम करणे मात्र लहान पंचायतीलाही शक्य आहे, हा या रचनेचा लाभ होय.

मधल्या गावांकडे लक्ष

राज्याच्या नगरपरिषद अधिनियमात, ग्रामीण क्षेत्राचे नागरी क्षेत्रात रूपांतर होत असलेल्या ठिकाणी नगरपंचायतीची तरतूद आहे. त्यासाठी सामान्यतः १० हजार ते २५ हजार लोकसंख्येची मर्यादा धरली जाते. जालना जिल्ह्यात बदनापूर, मंठा, जाफ्राबाद, घनसावंगी येथे नगरपंचायती झाल्या, तर २०२३ मध्ये जालना नगरपरिषदेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. परंतु कागदोपत्री गाव आणि व्यवहारात बाजारपेठ अशी अनेक ठिकाणे राज्यातील महामार्गांवर आहेत. ग्रामीण स्पर्धेत त्यांची तुलना लहान, एकजिनसी गावांशी होते. नागरी स्पर्धेत त्यांना प्रवेशच नसतो. अशा गावांसाठी स्वतंत्र गट असावा, या कल्पनेचा जिल्हा परिषदांनी आणि सरपंचांच्या संघटनांनी विचार करावयास हरकत नाही. गोदावरीच्या दोन्ही तीरांवरील पंचायती दोन जिल्ह्यांत विभागलेल्या असल्या, तरी पूर आणि सांडपाणी ही त्यांची समान चिंता आहे. त्यांच्या संयुक्त उपक्रमाची दखल घेणारा पुरस्कार अधिक अर्थपूर्ण ठरेल.

यासाठी पुरस्काराची वाट पाहण्याचेही कारण नाही. कायद्याप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. त्यांपैकी एका सभेत वर्षभरातील एका नव्या कामाचा लेखी वृत्तांत वाचावा. प्रश्न काय होता, काय केले, खर्च किती आला, काय फसले आणि पुढे कोण पाहणार, अशा पाच मुद्द्यांत तो असावा. गावातील शिक्षकांनी तो लिहिण्यास साहाय्य करावे, ग्रामपंचायतीने तो दप्तरी ठेवावा आणि पंचायत समितीने त्यांतील निवडक वृत्तांत इतर गावांना पाठवावेत. काय फसले, हा मुद्दा वगळू नये. शेजारच्या गावाला बहुधा त्याचाच उपयोग अधिक होतो.

सन्मानचिन्ह ग्रामपंचायतीच्या कपाटात राहते. त्यामागचे काम तालुक्यातील दुसऱ्या गावाने उचलले, तरच त्या सन्मानाचे चीज झाले, असे म्हणता येईल.