पाठ झाले, आता स्वतःचे वाजवा!

मराठी मध्यमवर्गीय घराची एक जुनी खूण म्हणजे पेटी. ती बहुधा कपाटावर असते आणि तिच्यावर जुन्या लुगड्याचे आच्छादन असते. जेथे पेटी नाही तेथे हल्ली कीबोर्ड असतो. तो पलंगाखाली असतो. पाहुणे आले, चहा-फराळ झाला, की यजमानीणबाई हळूच विषय काढतात, “आमची चिंगी छान वाजवते हं!” मग वाद्य खाली उतरते किंवा बाहेर येते. चिंगी यमनातली छोट्या ख्यालाची बंदिश वाजवते, वहीत लिहून दिलेले आठ आलाप वाजवते, आठ ताना वाजवते आणि थांबते. पाहुणे भिडस्त असले तर “वा!” म्हणतात. रसिक असले तर म्हणतात, “छान! आता यमनच थोडा आणखी वाजव की.” चिंगी आईकडे पाहते आणि म्हणते, “एवढाच शिकवलाय.”

चिंगीचे उत्तर अगदी प्रामाणिक आहे. पण यमन काही ‘एवढाच’ नसतो. मग उरलेला यमन चिंगीला कोणी शिकवायचा? की तो शिकवता येतच नाही, देवाने ज्याला दिला त्यालाच येतो?

मी कॉलेजात मराठी शिकवतो. संगीतातला माझा अधिकार एवढाच, की गेली सहा वर्षे आठवड्यातून दोन संध्याकाळी मी एका वृद्ध गुरुजींकडे पेटी शिकायला बसतो. तेव्हा पुढे लिहितो आहे ते एका विद्यार्थ्याचे टिपण समजावे. हा प्रश्न माझ्या मनात इतका घर करून बसला, त्याला मात्र घरचेच कारण झाले. गेल्या वर्षी जूनमध्ये माझी मुलगी म्हणाली, “बाबा, मी पेटी सोडते.” तीन परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली मुलगी! मी कारण विचारले. ती म्हणाली, “मी पाठांतर करते. संगीत नाही करत. वही बंद केली की माझ्याकडे काहीच नसतं.” सोळा वर्षांच्या पोरीने इतके नेमके बोलावे आणि बापाला त्यावर उत्तर सुचू नये, अशी ती वेळ होती. मी तिला गुरुजींच्या पुढ्यात नेऊन बसवले.

तीन स्वरांचे भांडवल

गुरुजींनी तिची वही मागितली आणि ती उशाखाली ठेवली. मग म्हणाले, “यमनातले नि, रे आणि ग एवढेच तुझे. दहा मिनिटं ह्यांच्यावर काढ. चौथा सूर लावलास तर चहा तुला करावा लागेल.”

तीन स्वर उलटसुलट मांडले तर सहा प्रकार होतात. चार स्वरांचे चोवीस, पाचांचे एकशे वीस आणि साती स्वरांचे पाच हजार चाळीस. हा हिशेब आजचा नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त तो पद्धतशीर मांडून ठेवला आहे, आणि मेरुखंड म्हणून गवई आजही त्याचा रियाज करतात. म्हणजे ‘नवे सुचणे’ ह्या गोष्टीचा पाढा आपल्याच देवगिरीवर लिहिला गेला होता!

पण पाढा म्हणजे राग नव्हे, जसा शब्दकोश म्हणजे कविता नव्हे. दहा मिनिटांतली पहिली तीन मिनिटे मुलीने ते सहा प्रकार वाजवून संपवले आणि ती गांगरली. गुरुजी म्हणाले, “आता गंधारावर थांबून बघ. मग निषादावर थांब. कुठं थांबल्यावर बरं वाटतं?” हा खरा धडा. यमनाचा वादी गंधार आणि संवादी निषाद, हे तिने परीक्षेच्या पेपरात चार वेळा लिहिले होते. गंधारावर थांबले की घरी आल्यासारखे का वाटते आणि रिषभावर थांबले की दारातच उभे राहिल्यासारखे का वाटते, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा बोटांनी कळले. स्वर कोठले घ्यायचे हे पुस्तक सांगते. कोठे थांबायचे, किती थांबायचे आणि कोठला स्वर उगीचच लांबणीवर टाकायचा, हे कान सांगतो. आणि कानाला ते वारंवार विचारावे लागते. आमचे बडे गवई षड्जापासून पंचमापर्यंत पोचायला अर्धा तास लावतात तो ह्याचसाठी.

तालातही हेच आहे. तबलजीची तिहाई ऐकून आपण टाळी देतो. तिच्यात चमत्कार असतो, पण तो मोजलेला चमत्कार असतो. त्रितालाच्या सोळा मात्रा. पाच मात्रांचा तुकडा घ्या, तो तीनदा वाजवा आणि दोन तुकड्यांमध्ये एकेक मात्रा विसावा. पाच, एक, पाच, एक, पाच मिळून सतरा झाल्या. समेवर सुरुवात केली तर सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम! विसावा काढून टाकला तर पंधराच मात्रा होतात. मग तिसऱ्या मात्रेवरून उचलायचे. हे गणित चौथीतल्या मुलालाही येते. मात्र ते हातात मुरले, की वाजवणारा मोजत नाही आणि ऐकणाऱ्याला वाटते की आत्ताच सुचले. तबल्यातला कायदा आणि त्याचे पलटे हीदेखील अशीच शिस्त: कायद्यात जे बोल आहेत तेच फिरवायचे, परके बोल आत घ्यायचे नाहीत. बंधन जितके आवळ तितकी बुद्धी चालते.

चाल लावणाऱ्यांची शाळा

विस्तार हा झाला एक भाग. दुसरा भाग नवी रचना करण्याचा, आपल्या भाषेत ‘चाल लावण्या’चा. ह्यात मराठी माणसाची पुण्याई मोठी आहे, कारण संगीत नाटकाने ती शाळाच उघडली होती.

जुन्या नाटकांची पुस्तके चाळा. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे नाव छापलेले असते. नाटककाराने ऐकलेल्या चिजेच्या साच्यात मराठी शब्द बसवले, म्हणून ती नोंद. भाषेच्या शिक्षकाला ही फार मोलाची गोष्ट वाटते. मूळ चिजेत जेथे आकार लांबतो तेथे मराठीतला दीर्घ स्वर आला पाहिजे, सम जेथे पडते तेथे अर्थाचा शब्द आला पाहिजे. ‘आणि’वर सम आली की पद मेले! अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘सौभद्रा’त (१८८२) साकी-दिंडीपासून अनेक वळणे वापरली. १९११ साली खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्यांनी ठुमरी-दादऱ्याची वळणे रंगभूमीवर आणली आणि महाराष्ट्र डोलू लागला. गोविंदराव मूळचे पेटीवाले. पुढे ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) ह्या बोलपटाचे संगीतही त्यांचेच आणि राजाची भूमिकाही त्यांचीच. ही विद्या त्यांनी कोठल्या वर्गात बसून नव्हे, तर मोठमोठ्या गवयांच्या मागे साथीला बसून उचलली.

ज्यांच्या साथीला ते बसत त्यांतले एक भास्करबुवा बखले (१८६९–१९२२). ह्या माणसाचे शिक्षण पाहिले की थक्क व्हायला होते. लहानपणी किर्लोस्कर मंडळीत नट. आवाज फुटला तसे रंगभूमीवरचे महत्त्व गेले. मग बडोद्याला फैज महंमदखाँ, नंतर आग्रा घराण्याचे नत्थनखाँ, आणि स्वतः नामांकित झाल्यावरही जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँ. तीन उस्ताद, तीन तऱ्हा. ‘स्वयंवरा’ची (१९१६) पदे त्यांनी बांधली, तेव्हा ही सगळी शिदोरी उपयोगाला आली, यमन, भूप, बिहाग घरोघरी गेले. आज ‘सगळ्यांचे थोडे थोडे शिकावे’ असे म्हणणारे बुवांचे नाव घेतात. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की बुवांनी एकेका उस्तादाजवळ वर्षेच्या वर्षे घालवली. तीन विहिरी खणणे वेगळे आणि तीस खड्डे खणणे वेगळे.

वाद्य बदलले की विचार बदलतो

आता वाद्यांकडे वळू. पेटीत मींड नाही; सूर सुटे सुटे आणि पक्के बसवलेले. ह्याच कारणासाठी १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. पण ह्या उणिवेतूनच पेटीवाल्यांनी आपली वाट काढली. मींड नाही म्हणून खटके, मुरक्या, भात्याचा दाब कमीजास्त करून स्वराला दिलेला श्वास. सतारीवर एकाच पडद्यावरून तार ओढून चार-पाच स्वरांपर्यंत जाता येते. तेथे विस्तार पाण्यासारखा वाहतो. व्हायोलिनला पडदेच नाहीत, म्हणून ते गळ्याच्या सर्वांत जवळ जाते. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर ह्या तिन्ही घराण्यांची गायकी गात, आणि तीच गायकी व्हायोलिनवर वाजवीत. गाणे शिकलेला माणूस वाद्यावर काय करू शकतो, ह्याचा ते पुरावा होते. आमचे गुरुजीही हेच सांगतात: जे गुणगुणता येत नाही ते वाजवू नका. सवयीने बोटे धावतात, पण गळा मात्र विचार केल्याशिवाय हलत नाही.

ह्याच्या अगदी उलट्या टोकाची शाळा आपल्या शेजारीच, गोव्यात होती. तेथे चर्चच्या शाळेत ‘मेस्त’ मुलांना आधी स्वरलिपी वाचायला शिकवीत आणि मग हातात व्हायोलिन देत. कागदावरचे संगीत पाहिल्याबरोबर वाजवणारी ही पोरे मोठी होऊन मुंबईला आली; काही हॉटेलांतल्या जाझ बँडमध्ये गेली, काही सिनेमाच्या वाद्यवृंदात. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणे आणि सेबॅस्टियन डिसोझांसारखा अरेंजर ती लिहून काढून, तिच्यात स्वरमेळ भरून, चाळीस-पन्नास वादकांना वाटून देई. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर पुढे जाऊन आपल्या रागांकडे वळले. १९५८ साली मुंबईत त्यांनी रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर केल्या. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि ‘अमर अकबर अँथनी’तील (१९७७) एका गाण्यात गुरूचे नाव गुंफून त्यांनी ऋण फेडले.

ही देवघेव दोन्ही बाजूंनी चालली. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. ‘अलबेला’च्या (१९५१) वेळी त्यांच्यासोबत चिक चॉकलेट नावाने गाजलेले गोव्याचे ट्रंपेटवादक होते. रागदारी शिकलेला एक आणि जाझमध्ये मुरलेला दुसरा. जाझचा वादक जे करतो ते आपल्याला फार परके नाही. तेथेही एक आवर्तन असते. बारा मापांचे चक्र पुनःपुन्हा फिरते आणि वादक त्यावर आपले बोलतो. फरक असा, की आपण तंबोऱ्याचा एक षड्ज धरून रागाच्या कुंपणात हिंडतो, तर त्यांच्याकडे पायाखालचा स्वरमेळच ठरलेल्या क्रमाने बदलत जातो. आपल्याला बरे उभे राहता येते, त्यांना बरे चालता येते. दोन्ही शिकावे लागते.

घरी काय करावे?

वाचक म्हणतील, हे थोरांचे झाले. आमच्या चिंगीने काय करावे? गुरुजींकडे दीड वर्ष माझ्या मुलीने जे केले तेवढे सांगतो. रोज दहा मिनिटे वही बंद. पहिला महिना तीन स्वर, मग चार, मग पाच. ओळखीची बंदिश घेऊन तिचा मुखडा तसाच ठेवायचा आणि अंतरा आपला बांधायचा. शाळेच्या पुस्तकातल्या कवितेला तीन वेगवेगळ्या रागांत चाल लावायची आणि कोठली का शोभते ते सांगायचे. आठवड्याला एक वाजवणे फोनवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकायचे. हा आरसा आमच्या गुरुजींच्या काळात नव्हता आणि त्याचे त्यांना फार कौतुक आहे.

परीक्षांना मी नावे ठेवीत नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, भातखंड्यांनी उस्तादांच्या पेटाऱ्यांतल्या चिजा स्वरलिपीत बांधून ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापल्या, म्हणूनच तुमच्याआमच्या मुलींपर्यंत संगीत पोचले. पण व्याकरण शिकवून झाल्यावर मुलाला निबंध लिहायला सांगतात, आणि पहिला निबंध वाईट असतो हे सगळे जाणतात. संगीतात मात्र आपण पहिल्याच दिवशी ‘हे बरोबर नाही’ म्हणून मोकळे होतो.

माझी मुलगी आता मिश्र खमाजात चार आवर्तने स्वतःची वाजवते. पाचव्यात कधी कधी सम चुकते. गेल्या महिन्यात तिने एका अभंगाला चाल लावली, गुरुजींनी ऐकली आणि म्हणाले, “दुसरी ओळ जुनी आहे, कुठंतरी ऐकलेली. पहिली तुझी.” त्या एका ओळीवर आमच्या घरात दोन दिवस आनंद होता. सोडण्याची भाषा तूर्त थांबली आहे, पुढचे पुढे.

वाचकहो, आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसून ओव्या रचीत. त्यांना कोणी परवानगी दिली नव्हती आणि प्रमाणपत्रही दिले नव्हते. घरातली माणसे अर्धवट झोपेत ऐकत असत आणि कोणी चूक काढीत नसे. घरातल्या पोरांसाठी आपण तेवढे केले तरी पुष्कळ आहे.