उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते तेव्हा

२४ फेब्रुवारी १८७३ रोजी कोलकात्यात सियालदह ते आर्मेनियन घाट या मार्गावर पहिली ट्राम धावली, ती घोड्यांनी ओढलेली होती. विजेवरची ट्राम तेथे १९०२ मध्ये आली. घोडा आणि ट्राम या जोडीत बलविज्ञानातील एक जुने कोडे दडलेले आहे. घोडा ट्रामला जितक्या बलाने पुढे ओढतो, तितक्याच बलाने ट्राम घोड्याला मागे ओढते. मग दोघे पुढे सरकतात कसे? ही दोन बले दोन वेगळ्या वस्तूंवर लागतात, म्हणून ती एकमेकांना रद्द करीत नाहीत. घोडा सुटा काढून पाहिला, तर त्यावर मागे साखळीची ओढ आणि पुढे जमिनीने खुरांना दिलेला रेटा दिसतो. रेटा अधिक असेल तर घोडा पुढे जातो. एकेक वस्तू अशी सुटी काढून केवळ तिच्यावरची बले बाणांनी दाखविणारी आकृती म्हणजेच ‘फ्री बॉडी डायग्राम’.

बैलगाडी हाकणाऱ्याला हे अनुभवाने ठाऊक असते. परंतु गळीत हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन भरलेल्या ट्रॉल्या जोडल्या जातात, तेव्हा केवळ अनुभव पुरत नाही. उदाहरणासाठी २,२०० किलोचा ट्रॅक्टर आणि उसासह प्रत्येकी ८ टनांच्या दोन चारचाकी ट्रॉल्या घेऊ. रस्ता खडबडीत असून चाकांचा रोध वजनाच्या ३ टक्के मानू. चढ १०० मीटरला ४ मीटर आहे.

मागची ट्रॉली सुटी काढली की तिला मागे खेचणारे बल वजनाच्या ७ टक्के, म्हणजे ५६० किलो भरते. दोन ट्रॉल्यांमधील पिनेवर एवढी ओढ असते. ट्रॅक्टरच्या पिनेवर मात्र दोन्ही ट्रॉल्यांची मिळून १,१२० किलो. संपूर्ण गाडी एकच वस्तू मानून आकृती काढली तर या दोन्ही ओढी चित्रातून नाहीशा होतात. पिन तुटण्याचा धोका मग कागदावर दिसतच नाही.

आता ट्रॅक्टर सुटा काढावा. पिन जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आणि दोन आसांमधील अंतर २ मीटर असेल, तर ही ओढ पुढच्या चाकांवरचे सुमारे २८० किलो वजन उचलून मागच्या चाकांवर टाकते. पुढच्या आसावर मुळात वजनाचा साधारण ३५ टक्के, म्हणजे ७७० किलो भार धरला, तर ४९० किलो उरतात. रुतलेली ट्रॉली काढताना साखळी एक मीटर उंचीवर बांधली तर उरतात जेमतेम २१०. त्यात झटका बसला की पुढची चाके अधांतरी होतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. ओढ नेहमी खालच्या ड्रॉबारवरूनच घ्यावी, या सूचनेमागचे गणित हे आहे.

खरा घात मात्र उतारावर होतो. १०० मीटरला ८ मीटर उतार असेल तर १६ टनांच्या ट्रॉल्यांना गुरुत्वाकर्षण १,२८० किलो बलाने खाली खेचते. चाकांचा रोध ४८० किलो वजा केला तरी ८०० किलोंचा रेटा पिनेतून ट्रॅक्टरवर येतो. ट्रॅक्टरचे स्वतःचे ११० किलो धरून, वेग केवळ स्थिर ठेवण्यासाठी त्याच्या मागच्या चाकांनी सुमारे ९१० किलो बल रस्त्यावर लावले पाहिजे. या रेट्यामुळे मागच्या चाकांवरचा भार १,४३० किलोंवरून सुमारे १,२३० वर उतरलेला असतो. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरला तरी पकड ८६० किलोंपर्यंतच मिळते. ओल्या रस्त्यावर ती त्याहूनही बरीच कमी. म्हणजे थांबणे दूरच, वेग आवरणेही शक्य नाही. चालकाचे कौशल्य येथे गौण ठरते. चाके घसरली की रेटा किंचित तिरपा होतो, ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि ट्रॉली त्याच्या अंगावर येते.

हीच आकृती ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक आहेत असे मानून पुन्हा काढावी. प्रत्येक ट्रॉलीला तेव्हा ४०० किलो बल हवे, आणि तिच्या चाकांवर ८ टन भार असल्याने घर्षणांक ०.०५ असला तरी पुरतो. पिनेवरचा रेटा शून्य होतो. रेल्वेच्या मालगाडीत ब्रेक केवळ इंजिनाला नसून डब्यांनाही असतात, ते याच कारणाने.

विस्तार कार्यकर्त्यांना ही आकृती चावडीच्या फरशीवर खडूनेही काढता येते. तीन चौकोन पुरतात, फक्त प्रत्येक पिनेवर विरुद्ध दिशांचे दोन बाण दोन वेगळ्या चौकोनांत पडावेत. ट्रॉलीला ब्रेक बसेपर्यंत तीव्र उताराच्या वाटेवर दुसरी ट्रॉली जोडू नये. एकच ट्रॉली असली तरी उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. शेतात वळण्यासाठी वेगळे ठेवलेले डावे-उजवे ब्रेक पेडल रस्त्यावर येण्याआधी खिट्टीने एकत्र जोडावेत, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर आडवा फिरण्याची सुरुवात तेथूनच होते.