जगबुडी झाली? मग हसायला हरकत नाही!

जग संपल्यावर उरतं काय? जपानी उत्तर: मिठाई. २०१२ सालच्या ‘जिन्रुई वा सुइताई शिमाशिता’ या १२ भागांच्या अ‍ॅनिमे मालिकेत माणसं विरळ झालीत आणि पृथ्वी गेलीय वीतभरही उंची नसलेल्या, गोडखाऊ पऱ्यांच्या ताब्यात. मूळ कादंबऱ्या तानाका रोमिओ यांच्या, दिग्दर्शन किशी सेइजी यांचं.

राखेचा करडा रंग औषधालाही नाही. सगळं गुलाबी, पोपटी, बाळबोध! त्यातच सोललेल्या, मुंडकं नसलेल्या कोंबड्या कारखाना चालवतात आणि जग जिंकायचे बेत आखतात. पावाचा यंत्रमानव पाहुण्यांसमोर स्वतःलाच फाडतो, तेव्हा रक्ताऐवजी गाजराचा रस उडतो. नायिकेच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही. सगळी गंमत त्या कोऱ्या चेहऱ्यात आहे.

मालिका संपली सप्टेंबर २०१२मध्ये. त्याच महिन्यात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या! मुळगाव-शिरगावच्या पट्ट्यात खोदलेले तांबडे डोंगर आणि पाण्याने भरलेले खंदक, म्हणजे नेपथ्य फुकटात तयार. पऱ्या काही आल्या नाहीत. २०२४मध्ये डिचोलीत खाणकाम मात्र परत आलं.

तसं प्रलयावर हसायला आपल्याला जपानने शिकवायची गरज नाही. पेडणे, डिचोली, सिंधुदुर्गातल्या दशावतार या लोकनाट्यात वेद पळवणारा संकासुर येतो. प्रलयातल्या मत्स्यावताराची गोष्ट, म्हणजे प्रसंग केवढा गंभीर! आणि हा गडी पायघोळ काळ्या वेषात, काळा बुरखा चढवून, लालभडक जीभ बाहेर काढून थयथयाट करतो. बाकीची मंडळी प्रमाण मराठीत बोलतात, हा ठसक्यात मालवणी. लिखित संहिता नाही. सूत्रधाराने टाकलेला चेंडू तिथल्या तिथे टोलवायचा. समोरचा गावकरीही तावडीतून सुटत नाही. साथीला पेटी, पखवाज, झांज. नेपथ्य म्हणाल तर एक लाकडी बाक, त्याचंच सिंहासन, त्याचाच डोंगर. लाखो चित्रं काढणाऱ्या अ‍ॅनिमेवाल्यांनी हे काटकसरीचं गणित एकदा पाहावंच.

शेवटी विष्णू येतो, संकासुर मरतो आणि मग कुठे मुख्य आख्यान सुरू होतं. हल्ली हा आधीचा ‘आड दशावतार’ बराच आखडता घेतात. माझ्या मते हा प्रेक्षकांवर उघड अन्याय आहे. तेव्हा जत्रेतल्या दशावताराला उशिरा जाऊ नका. तुम्ही पोचेपर्यंत संकासुर मेलेला असेल.