वाचाघात आणि सहोच्चार

वडोदऱ्यातील प्रतापनगरातले एखादे मराठी घर वाचकांनी क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. पक्षाघातातून उठलेल्या आजोबांस तहान लागली असता 'पाणी' एवढा शब्दही उच्चारता येत नाही; परंतु तिन्हीसांजेला मंडळी आरती म्हणू लागली, की तेच आजोबा सर्वांबरोबर चरणामागून चरण म्हणतात. मग घरच्यांस शंका येते, आजोबा हट्टाने तर बोलत नाहीत ना? ही शंका आजोबांवर अन्याय करणारी असल्यामुळे तिचे निरसन करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

वाचाघात हा जिभेचा किंवा बुद्धीचा दोष नव्हे. बहुतेक माणसांत भाषेचा व्यवहार मुख्यतः मेंदूच्या डाव्या अर्धात चालतो. तेथे इजा झाली, म्हणजे मनातील अर्थास शब्द मिळेनासा होतो. आरती, पाढे, आकडे हे पाठ झालेले बोल मात्र नव्याने जुळवावे लागत नाहीत. त्यांची वाट काही अंशी निराळी असून पुष्कळदा ती शाबूत राहते. बोलू न शकणारा, पण स्तोत्रे गाणारा रोगी स्वीडनमध्ये १७४५ सालीच नोंदला गेला आहे.

बोस्टन येथील चिकित्सकांनी १९७३ मध्ये यावरून एक उपचारपद्धती मांडली. डाव्या हाताने ठेका धरावयाचा, लहानसे वाक्य दोघांनी मिळून सुरात म्हणावयाचे, आणि साह्यकर्त्याने आपला आवाज हळूहळू काढून घ्यावयाचा. पुढे २००६ मध्ये कॅनडातील संशोधकांस असे दिसले की, एकट्याने गाऊन रोग्यांचे उच्चार सुधारत नाहीत. दुसऱ्याच्या साथीने गाताना मात्र अधिक शब्द उमटतात. २०११ मधील एका जर्मन अभ्यासाने सुरापेक्षा लय व परिचित शब्द यांस अधिक महत्त्व दिले.

शिक्षकांस यात नवल वाटू नये. एकटा अडखळणारा मुलगा वर्गाबरोबर पाढा सुरळीत म्हणतो. परंतु तेवढ्याने त्यास गणित आले असे सुज्ञ शिक्षक मानीत नाही. तो त्यास पुढे एकट्याने उभे करतो. आजोबांच्या बाबतीतही आरती हा आरंभ होय, साध्य नव्हे. 'पाणी हवं', 'दार लावा' अशी नित्याची वाक्ये ठेक्यावर त्यांच्याबरोबर म्हणावीत. मग थांबावे आणि उत्तरास पुरेसा अवकाश द्यावा. हा उपाय सर्वांस सारखाच लागू पडत नाही, म्हणून वाचाउपचारतज्ज्ञाचा सल्ला अवश्य घ्यावा. तथापि आजोबांवर हट्टाचा आरोप न करता त्यांच्याशेजारी बसून त्यांच्याबरोबर बोलणे, एवढे तर घरातील कोणासही आजपासून करता येईल.