उपाशी शरीराला अन्न देताना

अन्ननलिकेच्या कर्करोगामुळे घास उतरत नाही, क्षयाने भूकच मेली आहे किंवा दारूपायी जेवण सुटले आहे, असा रुग्ण वॉर्डात आला की नातेवाईक विचारतात, 'पोटभर जेवायला कधी देणार?' सुरुवातीचे काही दिवस त्याला मुद्दामच थोडे देतात, हे ऐकून अनेकांना राग येतो. त्यामागचे कारण समजून घ्यायला हवे.

उपासमारीत शरीर साखरेऐवजी साठलेल्या चरबीवर चालते आणि इन्सुलिन कमी होते. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचे साठे आटत जातात, तरी रक्ताच्या रिपोर्टमध्ये आकडे बरेचदा ठीक दिसतात. अशा वेळी भरपूर भात, साखर किंवा ग्लुकोजचे सलाइन मिळाले की इन्सुलिन एकदम वाढते आणि हे क्षार रक्तातून पेशींमध्ये ओढले जातात. फॉस्फेट फार घसरले की श्वासाचे स्नायू थकतात, हृदयाचे ठोके बिघडतात. याला 'रिफीडिंग सिंड्रोम' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छावण्यांतून सुटलेले काही कैदी जेवू लागल्यावर दगावले, तेव्हा डॉक्टरांचे याकडे लक्ष गेले.

धोका ओळखण्याचे निकष ठरलेले आहेत. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) १६ पेक्षा कमी, ३ ते ६ महिन्यांत १५ टक्क्यांहून अधिक वजन घटलेले किंवा १० दिवसांहून अधिक काळ पोटात जवळपास काही नाही, यांपैकी एक गोष्ट असली तरी धोका मोठा.

५ फूट ५ इंच उंचीचा, ४० किलो वजनाचा माणूस घेऊ. त्याचा बीएमआय १५ च्याही खाली आहे. अन्नाआधी त्याला थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. ग्लुकोज वापरायला ते लागतेच. ते नसेल तर मेंदूला इजा होऊन रुग्ण गोंधळतो, चालताना तोल जातो. मग किलोमागे १० कॅलरी, म्हणजे दिवसाला ४०० कॅलरींपासून सुरुवात होते. साधारण दोन भाकऱ्या आणि वाटीभर आमटी, एवढेच. गिळता येत नसेल तर नाकातून घातलेल्या राइल्स ट्यूबने अन्न देतात. आतडेच काम करत नसेल तर शिरेतून.

सुरुवातीला रोज रक्त तपासतात. हृदयाचे ठोके मॉनिटरवर दिसत राहतात. सिस्टर पोटात किती गेले, लघवी किती झाली ते लिहितात आणि पायावर बोट दाबून सूज पाहतात. क्षार घसरले तर ते भरून काढतात आणि कॅलरी वाढवणे थांबवतात. सगळे ठीक असेल तर ४ ते ७ दिवसांत पूर्ण आहार सुरू होतो.

नातेवाइकांनी दोन गोष्टी कराव्यात. रुग्ण किती दिवस जेवलेला नाही आणि दारू घेतो का, हे पहिल्याच दिवशी न लपवता सांगावे. आणि मायेपोटी रात्री गुपचूप ग्लुकोजचे पाणी किंवा मोसंबीचा रस पाजू नये. घरून काही द्यायचे असेल तर आधी आहारतज्ज्ञांना विचारा.