समजून घ्या : एका टिंबाने मॅट्रिक्सचे उत्तर कसे बदलते?

मॅट्रिक्सच्या ओळींचे स्तंभ आणि स्तंभांच्या ओळी केल्या, की झाला ट्रान्सपोज. मॅटलॅबमध्ये त्यासाठी ए' लिहायचे, एवढे बहुतेक इंजिनीअरिंग विद्यार्थ्यांना पाठ असते. प्रत्यक्षात ए' हा साधा ट्रान्सपोज नाहीच. साध्या ट्रान्सपोजसाठी अपॉस्ट्रॉफीच्या आधी एक टिंब लागते : ए.'

फरक काय?

वास्तव संख्या असतील तर काहीच नाही. चूक लपून राहते ती त्यामुळेच. संमिश्र संख्या आल्या, की ए' ओळीचा स्तंभ करतानाच प्रत्येक संख्येच्या काल्पनिक भागाचे चिन्हही उलटवतो. [३+४आय, १−२आय] या ओळीचे ३−४आय आणि १+२आय होतात. ए.' मध्ये संख्या जशाच्या तशा राहतात.

मग असे चिन्ह ठेवलेच का?

लांबी काढण्यासाठी. वरच्या ओळीला तिच्याच ए' ने गुणले, तर २५ अधिक ५ म्हणजे ३० मिळतात. ए.' ने गुणले, तर उत्तर येते −१०+२०आय. लांबीचा वर्ग असा कसा असेल?

फटका कुठे बसतो?

विहिरीवरच्या पंपाची मोटर घ्या. तिचा करंट व्होल्टेजच्या मागे असतो. व्होल्टेजचा कोन शून्य धरला, तर हे मागे असणे करंटच्या काल्पनिक भागाच्या ऋण चिन्हातून कळते. करंटच्या नोंदींची आडवी यादी नुसती उभी करायची म्हणून ए' वापरला, की तोच करंट व्होल्टेजच्या पुढे गेलेला दिसतो. मोटर कागदावर कपॅसिटर बनते! पॉवर फॅक्टर सुधारायला कपॅसिटर हवा असताना गणित उलटेच सांगू लागते. प्रोग्राम एरर देत नाही. करंट किती अँपिअर, याचा आलेखही बरोबरच येतो, कारण ३+४आय आणि ३−४आय या दोन्हींचे मान ५ आहे. चूक दिसते ती फक्त कोनात.

इतर भाषांत काय?

ऑक्टेव्ह आणि सायलॅबमध्ये मॅटलॅबसारखेच. ज्युलियात ए' चा अर्थ तोच आहे. मात्र टिंबवाले चिन्ह २०१८च्या १.० आवृत्तीत काढले गेले. तिथे ट्रान्सपोज हे फंक्शन नावानिशी लिहावे लागते, आणि तेच जास्त सुरक्षित वाटते.

पायथॉनच्या नमपायमध्ये नेमके उलटे. 'डॉट टी' फक्त ओळी-स्तंभ बदलते, चिन्हाला हात लावत नाही. मॅटलॅबचा जुना कोड आणताना प्रत्येक अपॉस्ट्रॉफीच्या जागी डॉट टी टाकले, तर संमिश्र संख्यांची उत्तरे गुपचूप बदलतात. तिथे आधी 'कॉन्ज' लावावे लागते. शिवाय एकमितीय यादीवर डॉट टीचा परिणामच होत नाही. यादी आडवी-उभी करायची तर तिला आधी द्विमितीय करावे लागते.